काकांची पद्मिनी आणि जुना बाजार

आमच्या काकांनी हयातभर दुसऱ्याची टॅक्सी चालविली. स्वतःची गाडी घेतली ती उतारवयात, तीही जुनी. १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. काका गेल्यावर ती चार वर्षे इमारतीमागे पिंपळाखाली उभी होती. सोसायटीने नोटीस लावली : गाडी चालू करा, नाहीतर उचला. भंगारवाला रोख पैसे घेऊन दारात आला. काकी म्हणाल्या, "विकायची नाही रे बाबा," आणि ठेव मोडून साठ हजार रुपये आमच्या हाती दिले. विधवा बाईची ही पुंजी! हिशेबाची वही आमच्याकडे आली, पाने-पकडी भाच्याकडे. तो आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिक.

ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बने. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी. कारखान्याने ती बनविणे केव्हाच बंद केले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही गेली. टॅक्स्या भंगारात निघत होत्या तोवर तिचे जुने भाग हवे तितके मिळत. आता दुकानदार आधी गिऱ्हाईकाचा चेहरा पाहतो, मग भाव सांगतो.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आम्ही पाच रविवार घातले. पहिल्याच रविवारी फसलो. इंजिनाचे हेड घेतले, वरून घासूनपुसून चकचकीत. घरी आणून भाच्याने त्यात रॉकेल भरले, तर तासाभराने खालून पाझर. बारीक चीर होती. दुकानदाराने परत घेतले नाही. "पावती आहे का?" म्हणाला. बी.कॉम. झालेल्या माणसाने पावती घेतली नव्हती, ही गोष्ट काकींना अजून सांगितलेली नाही.

पुढे शहाणे झालो. हेड ॲल्युमिनियमचे असते, गाडी तापली की वाकते, म्हणून त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी धरून फट पाहावयाची. क्रँक लेथवाल्याकडे मापून घ्यावयाचा. दरवाजा घेताना खिशात लोहचुंबक हवे. जेथे चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. मात्र ब्रेकचे सिलिंडर, होज पाईप आणि कोणतेही रबर आम्ही जुने घेतले नाही. तेथे काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ.

सुधारणांवरून घरात वाद झाला. भाचा म्हणे, "मामा, ११८ एन.ई.चे निस्सानवाले इंजिन टाकू, पळेल बघ!" पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ सी.सी.चे, ते ११७१ चे. मोह आम्हालाही झाला. पण इंजिन बदलावयाचे तर आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी.वर नोंद लागते. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांची खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. आमची गाडी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहेच. तेव्हा भाच्याला सांगितले, जे उद्या काढून पुन्हा जुने बसविता येईल तेवढेच कर. म्हणून पॉईंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाईटला रिले, सीटबेल्ट आणि संपूर्ण नवे वायरिंग. चारही चाकांचे ड्रम ब्रेक तसेच ठेवून नवे लायनर घातले. भाचा दोन दिवस बोलला नाही.

रंगाचे काम राहिले आहे. पैसे संपले. वहीत अकराशे रुपये शिल्लक दिसतात, त्यात दरवाजाची एक मूठ यावयाची आहे. गाडी मात्र सुरू झाली. गेल्या रविवारी भाच्याने काकींना पुढे बसविले. चौकापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "गिअर टाकताना ते इतका आवाज नाही करायचे."