चौकशी म्हणजे निकाल नव्हे

जवानावर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसली की तो दोषी ठरला, असे अनेकांना वाटते. नावात कोर्ट असल्याने तसे वाटणे साहजिकच. प्रत्यक्षात ते पुरावे गोळा करणारे लष्करी मंडळ. तलाठ्याने पिकाचा पंचनामा केला म्हणजे भरपाई मंजूर झाली असे नाही, तसेच हे. शिक्षा ठोठावते ते कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालय).

चौकशी आणि निकाल यांतला हाच फरक इतिहासातही दिसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराने हैदराबाद संस्थानावर केलेल्या ‘पोलीस कारवाई’नंतर पंडित सुंदरलाल समिती तिथे फिरली. काही ठिकाणी लष्कराचे जवान आणि स्थानिक पोलीसही त्या काळातल्या लुटीत सामील होते, असे तिने नोंदवले. पण ती सदिच्छा समिती. खटला चालवण्याचा अधिकार तिला नव्हता. अहवाल मात्र कित्येक दशके सरकारदरबारी अप्रकाशित राहिला.