मधुमेहाची गोळी आणि अंगाची खाज

मधुमेह असलेल्या वृद्धाच्या अंगाला खाज सुटली की ती वाढलेल्या साखरेची किंवा कोरड्या त्वचेची, असे घरचे धरून चालतात आणि खोबरेल तेलावर भागवतात; पुष्कळदा ते बरोबरही असते, परंतु काही वेळा कारण रोजच्या गोळीत असते. विल्डाग्लिप्टिनसारख्या, म्हणजे ग्लिप्टिन गटातील, औषधांमुळे क्वचित ‘बुलस पेम्फिगॉइड’ हा विकार उद्भवतो, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेचा वरचा थर खालच्या थराला जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते आणि सुटलेल्या थरांमध्ये पाणी साचून फोड येतात. हे फोड ताठ, जाड सालीचे असतात, सहजासहजी फुटत नाहीत; मात्र त्यांच्याआधी कित्येक आठवडे, कधी महिनेही, नुसती खाज किंवा पित्तासारखे चट्टे असतात, आणि औषध सुरू होऊन अनेकदा वर्षही उलटलेले असल्याने गोळीवर कोणाचा संशय जात नाही, हीच खरी अडचण.

मधुमेहाच्याच डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे गुप्तांगाला सुटणारी खाज ही बहुधा ॲलर्जी नसून तेथे वाढलेल्या बुरशीची असते, आणि ती केवळ संकोचापोटी डॉक्टरांना सांगितली जात नाही, हे फार वाईट, कारण साध्या मलमाने ती बहुतेकदा बरी होते. फोडांच्या बाबतीत त्वचेचा लहानसा तुकडा तपासून निदान करता येते, आणि ग्लिप्टिनऐवजी दुसऱ्या गटातील औषध देता येते. गोळी परस्पर बंद केली तर मात्र साखर भडकते.