आकाशातून उतरणारी पेटी

ग्रहांजवळील विद्युद्भारित कण मोजावयास अवकाशयान लागते. परंतु दूरच्या अंतराळातून आपणांकडे येणारे विश्वकिरण, हेही बहुतांशी तसेच कण, फुग्यानेही टिपता येतात. हवेच्या अणूंवर आदळून ते खाली मूळ रूपात पोहोचत नाहीत. म्हणून उपकरणे ३० ते ४० किलोमीटर उंच न्यावी लागतात. खगोल व वातावरण यांच्या अभ्यासासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून हायड्रोजन भरलेले पॉलिथिनचे प्रचंड फुगे सोडण्यात येतात. कार्य संपताच उपकरणांची पेटी हवाई छत्रीने उतरते; क्वचित नांदेड-लातूरच्या शिवारातही. ती उघडू नये. आत उच्च दाबाची वीज असू शकते आणि हाताळल्यास बहुमोल नोंदी नष्ट होतात. पेटीवरील पत्त्यावर अथवा पोलीसठाण्यात त्वरित कळवावे. कित्येक वर्षांचे परिश्रम त्या क्षणी शेतकऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतात.