वाहनातील द्विमार्गी बिनतारी संच : रिसीव्हरचे ट्यूनिंग व अलाइनमेंट

30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या महापुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीत दूरध्वनी बंद पडला, की भिस्त वाहनातील बिनतारी संचावर येते. मात्र संच सुरू आहे एवढ्याने तो दूरचा क्षीण संदेश ऐकेलच असे नाही. ते रिसीव्हरच्या अलाइनमेंटवर अवलंबून असते.

व्हीएचएफ एफएम रिसीव्हरमध्ये येणारा संकेत स्थानिक दोलकाच्या संकेताशी मिसळून बहुधा 10.7 किंवा 21.4 मेगाहर्ट्झ व पुढे 455 किलोहर्ट्झ या मध्यम वारंवारतेवर आणला जातो. म्हणून प्रथम दोलक अचूक लावावा. तो ढळलेला असता पुढील श्रम वाया जातात. नंतर अग्रभागातील कॉइल. नेहमीची चूक येथेच घडते. सिग्नल जनरेटरचा सशक्त संकेत दिल्यास लिमिटर सारे चढउतार कापून टाकतो. कॉइल चुकीची लागली तरी आवाज तेवढाच राहतो. यास्तव संकेत खरखरीत मिसळेपर्यंत क्षीण करावा, कॉइल फिरवावी आणि सुधारणा दिसताच तो पुन्हा क्षीण करावा. कानापेक्षा सिनॅड मापक विश्वसनीय. चांगल्या संचात 12 डेसिबल सिनॅड साधारण 0.3 मायक्रोव्होल्टला मिळतो. कॉइलचा गाभा प्लॅस्टिकच्या पेचकसानेच फिरवावा (लोखंडी पेचकसाने प्रेरकता बदलते, शिवाय ठिसूळ गाभा फुटतो तो वेगळाच). अलीकडील अनेक संचांत हे समायोजन संगणकाद्वारे होते, तत्त्व तेच. स्क्वेल्च सर्वांत शेवटी लावावा. तो घट्ट राहिल्यास इतक्या कष्टाने मिळविलेला क्षीण संदेश खरखरीबरोबर दडपला जातो.