औषधाची कसोटी

घरातील वडीलधारे माणूस दुखण्याने अंथरुणास खिळलेले असावे, मोठ्या प्रयासाने त्यास शहरातील रुग्णालयात न्यावे, आणि तेथील डॉक्टरांनी काही छापील कागद पुढे ठेवून म्हणावे, "एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. आपली इच्छा असल्यास आपल्या रोग्यास तीत घेता येईल." अशा वेळी खेड्यातून आलेल्या कुटुंबाच्या मनात पहिला विचार कोणता येतो? 'म्हणजे आमच्या माणसावर हे प्रयोग करणार!' ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भीतीपोटी कागद न पाहताच परत करणे आणि भाबडेपणाने न वाचताच त्यावर अंगठा उठवणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. यास्तव औषधाची चाचणी म्हणजे काय आणि ती का करावी लागते, हे आम्ही आज एकाच रोगाच्या इतिहासावरून वाचकांपुढे मांडीत आहोत.

तो रोग म्हणजे मल्टिपल मायलोमा. आपल्या हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तीत रक्तपेशी निर्माण होतात. तेथेच प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्ये तयार करणे हे त्यांचे काम. ह्यांपैकी एखादी पेशी बिघडून तिचीच प्रजा बेसुमार वाढू लागली, की मायलोमा होतो. हाडे ठिसूळ होतात, पाठीत व बरगड्यांत वेदना होतात, रक्त कमी पडते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. हा रोग बहुधा उतारवयात होतो. म्हणून 'म्हातारपणची पाठदुखी' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव फार.

सरबताने शिकविलेला धडा

सन १९४७ मध्ये स्वीडनमधील डॉ. निल्स आल्वाल ह्यांनी युरेथेन नावाच्या औषधाने मायलोमाच्या एका रोग्यास उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. ज्या रोगावर काहीच उपाय नव्हता, त्यावर हा आशेचा किरण दिसताच जगभरचे डॉक्टर युरेथेन देऊ लागले. त्याने मळमळ होई, अन्नावरची वासना उडे. तरीही रोगी ते निमूटपणे गिळीत आणि डॉक्टर शुद्ध बुद्धीने देत. जवळजवळ वीस वर्षे हा क्रम चालला.

पुढे अमेरिकेतील डॉ. जेम्स हॉलंड व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या औषधाची रीतसर कसोटी घेतली. मायलोमाच्या ८३ रोग्यांची, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास युरेथेन दिले. दुसऱ्यास चेरी व कोलाच्या स्वादाचे नुसते सरबत. सन १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकीय जगत चकित झाले. युरेथेनचा सरबताहून तिळमात्रही अधिक गुण नव्हता. उलट, ते घेणाऱ्यांचेच आयुष्य तोकडे ठरले!

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या वीस वर्षांत कोणा डॉक्टराने लबाडी केली नव्हती. एखादा रोगी सुधारला की औषधाचा गुण दिसे, दगावला की रोगाचा दोष दिसे. आपल्याकडे 'अमक्याला अमक्या मुळीने बरे वाटले' असे म्हणून आपण जी चूक करतो, तीच चूक विद्वानांच्या हातूनही झाली. ज्यांना ते औषध मिळाले नाही अशांशी तुलना केल्यावाचून सत्य हाती येत नाही, हा धडा त्या सरबताने शिकविला.

वाटणी चिठ्ठीनेच का, असे कोणी विचारील. निवड डॉक्टरांवर सोपविली, तर धडधाकट रोगी नकळत नव्या औषधाकडे जातील आणि तुलना खोटी ठरेल. चिठ्ठीस कोणाचा कैवार नसतो. हीच पद्धत पुढेही उपयोगी पडली. सन १९६९ मध्ये १८३ रोग्यांच्या चाचणीत असे आढळले की, मेल्फलान ह्या औषधास प्रेडनिसोनची जोड दिल्यास रोगी सुमारे सहा महिने अधिक जगतो. सहा महिने थोडे वाटतील. परंतु ज्याच्या घरी लेकीचे लग्न व्हावयाचे आहे, त्यास ते थोडे नव्हेत.

बदनाम औषधाचे पुनरागमन

दुसरी हकीकत याहून विलक्षण आहे. सन १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. ते अत्यंत निर्धोक म्हणून गाजविले गेले व गरोदर स्त्रियांनाही देण्यात आले. परिणाम भयंकर झाला. हात नसलेली, पाय नसलेली दहा हजारांहून अधिक बालके निरनिराळ्या देशांत जन्मास आली. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते बाजारातून काढून घेण्यात आले. अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी ह्या सरकारी अधिकारी बाईंनी 'पुरावा अपुरा आहे' म्हणून त्यास परवानगीच दिली नव्हती. रीतसर चाचण्यांनी गुण सिद्ध केल्याखेरीज औषध विकता येऊ नये, असा कायदा तेथे १९६२ मध्ये झाला, तो ह्या अनर्थानंतरच.

असे हे शापित औषध १९९७ मध्ये पुन्हा पुढे आले. मायलोमाने ग्रासलेल्या एका तरुण डॉक्टरची पत्नी पतीसाठी दारोदार उपाय शोधीत होती. गाठींना रक्त पुरविणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थॅलिडोमाइड रोखते, असे संशोधन झाल्याचे तिला कळले. तिच्या आग्रहाने अमेरिकेतील लिटल रॉक येथे डॉ. बार्ट बार्लोगी ह्यांनी ते देऊन पाहिले. तिचा पती वाचला नाही. परंतु इतर उपाय थकलेल्या ८४ रोग्यांना ते देण्यात आले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश रोग्यांत रोग मागे हटल्याची चिन्हे दिसली. सन १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मग तुलनात्मक चाचण्या झाल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेत त्यास मायलोमासाठी मान्यता मिळाली. गर्भवतीस मात्र ते आजही कडक निषिद्ध आहे. ज्या कसोटीने युरेथेनचे सोंग उघडे पाडले, तीच कसोटी थॅलिडोमाइडचा गुण ओळखावयास उपयोगी पडली.

तथापि प्रत्येक चाचणी यशस्वी होतेच असे नाही. अन्य काही कर्करोगांवर नावाजलेले पेम्ब्रोलिझुमाब हे औषध मायलोमाच्या औषधांस जोडून दोन मोठ्या चाचण्या चालल्या होत्या. ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत असल्याचे दिसताच २०१७ मध्ये त्या थांबविण्यात आल्या. आकड्यांवर सतत कोणाची तरी दृष्टी होती म्हणूनच हे वेळीच ध्यानी आले.

सही करण्यापूर्वी

आपल्या देशात २००७ पासून अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले आहे. सन २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीस नीतिविषयक समितीची मान्यता लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास रोग्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई मिळण्याची तरतूदही आहे. ज्यास वाचता येत नाही, त्याची संमती त्रयस्थ साक्षीदारासमक्ष घ्यावी लागते.

तेव्हा कागद पुढे आला, तर घाबरू नये व घाईही करू नये. तो आपल्या भाषेत मागून घ्यावा, घरी आणावा आणि गावातील जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. डॉक्टरांना विचारावे: हे औषध पूर्वी किती जणांना दिले? त्रास कोणते संभवतात? चाचणीत न गेल्यास आमच्या माणसास कोणता उपचार मिळेल? गंभीर कर्करोगाच्या रोग्यास आज बहुधा नुसते सरबत दिले जात नाही. रूढ उपचार दोन्ही गटांस मिळतो आणि नवे औषध एकास जोडून दिले जाते. तरी आपल्या चाचणीत तसेच आहे ना, हे विचारून घ्यावे. आणि मधेच बाहेर पडावेसे वाटले तर तसा रोग्यास पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

नको म्हणणारा भित्रा नव्हे आणि हो म्हणणारा मूर्ख नव्हे. पण समजून उमजून जो हो म्हणतो, तो केवळ स्वतःसाठी म्हणत नाही. आज मायलोमाचे कित्येक रोगी वर्षानुवर्षे शेतावर जातात, नातवंडे खेळवितात. सरबत पिणाऱ्या आणि बदनाम औषध घेणाऱ्या त्या अनोळखी रोग्यांचा त्यात वाटा आहे. त्यांतील बहुतेकांना स्वतःला फारसा लाभ झाला नाही. मागून येणाऱ्यांची वाट मात्र त्यांनी सोपी केली.