रांगेतले व्हायोलिनवाले : एका व्यवसायाचा हिशेब

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे गणेशोत्सवातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. आज आपल्याला बोलायचंय ते दुसऱ्या ऑर्केस्ट्राबद्दल. पुढ्यात नोटेशन ठेवून व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास वाजवणारी माणसं रांगेनं बसतात, तो ऑर्केस्ट्रा. या तंतुवादकांचं पोट कसं चालतं, हा आजचा प्रश्न. उदाहरण आपण मुंबईचंच घेऊ, कारण या शहरात हा व्यवसाय भरभराटीला आला आणि इथंच तो मोडलाही.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. एकटं वाजवणारा कलावंत आपला आवाज ओळखू यावा म्हणून आयुष्यभर धडपडतो. रांगेतल्या वादकाचं नेमकं उलट. त्याचा आवाज वेगळा ऐकू आला, तर ती चूक. सगळ्यांचे गज एकाच दिशेनं गेले पाहिजेत, सगळ्यांचा सूर एकात एक मिसळला पाहिजे. मग इतकी माणसं कशाला, असं कुणी विचारेल. मोठ्या आवाजासाठी? तसं नाही. दहा व्हायोलिनं एकदम वाजली, तरी आवाज कानाला दहापट वाटत नाही, साधारण दुप्पट भासतो. खरा फरक पोताचा असतो. प्रत्येकाचा सूर आणि वेळ केसभर वेगळी पडते, आणि त्या बारीक फरकांतून तो दाट, रेशमी आवाज तयार होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

युरोप-अमेरिकेत या कामाला स्थिर नोकरीचं रूप आहे. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात शंभरेक वादक, त्यातले साठच्या आसपास तंतुवादक. जागा रिकामी झाली की चाचणी होते. पुष्कळ ठिकाणी उमेदवार पडद्याआड बसून वाजवतो, म्हणजे परीक्षकांना फक्त वादन ऐकू येतं. निवड झाली की काही काळ उमेदवारी, मग कायम नेमणूक, पगार, पेन्शन. जागा मिळणं महाकठीण, पण एकदा मिळाली की माणूस निवृत्त होईपर्यंत तिथंच बसतो.

मुंबईत असा पगारी ऑर्केस्ट्रा नव्हता. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण पूर्णवेळ वादकांना पोसेल अशी संस्था काही त्यातून उभी राहिली नाही. मेहली स्वतःच पुढे मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात गेले, तिथून अमेरिकेला. वादक तयार होते. नव्हता तो पगार.

वादक आले कुठून? मुख्यतः गोव्यातून. पोर्तुगीज अमदानीत तिथं चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. त्यांत गावातल्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं मुंबईला यायची, धोबी तलावाजवळच्या आपापल्या गावच्या कुडांत उतरायची. हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवायची. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, चित्रपट बोलू लागला, आणि या मंडळींना नवा मालक मिळाला. पारशी आणि उत्तरेकडचे वादकही त्यांच्यात होते, पण नोटेशन झरझर वाचण्यात गोव्याच्या मंडळींचा हात धरणारे थोडे.

सुरुवातीला चित्रपट कंपन्या वादकांना महिन्याच्या पगारावर ठेवत. त्या कंपन्या मोडल्या आणि वादक मोकळे झाले; म्हणजे कामही मोकळं, पोटही मोकळं. आता पैसे गाण्यामागे, शिफ्टमागे. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, अशी धावपळ. वादकांनी आपली संघटना केली, श्रेणी ठरवल्या, श्रेणीप्रमाणे दर ठरले. शंकर-जयकिशनसारख्या संगीतकारांना भरगच्च तंतुवाद्यं हवी असत, आणि सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर ती नोटेशनमध्ये लिहून देत. सगळं एकदम, एकाच टेकमध्ये ध्वनिमुद्रित व्हायचं. कडव्याच्या शेवटी मागच्या रांगेत कुणाचा गज घसरला, तर लताबाईंनासुद्धा पुन्हा पहिल्यापासून गावं लागायचं! चूक न करणाऱ्या माणसाला म्हणूनच सतत बोलावणं असे.

या रांगेतून वर जायची वाट अरुंद होती. प्यारेलाल लहानपणापासून स्टुडिओत व्हायोलिन वाजवत आणि पुढे संगीतकार झाले. त्यांचे गुरू मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. पुढे ते अमेरिकेला गेले, परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले. शिष्यानं 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये त्यांचं नाव एका गाण्यातून घराघरांत पोचवलं. पण गंमत बघा, ते नाव कुणा खऱ्या व्हायोलिनवाद्याचं आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होतं?

मग बदल झाला. आधी मल्टिट्रॅक आलं. वाद्यं वेगवेगळी मुद्रित करता येऊ लागली, चूक तेवढीच दुरुस्त करता येऊ लागली. त्यामुळे बिनचूक माणसाची किंमत उतरली. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, पाठोपाठ सॅम्पलिंग. आणि इथं आपला मघाचा मुद्दा येतो. एका मोठ्या वादकाची गजावरची हुकमत यंत्राला सहज उचलता येत नाही. वीसजणांचा एकजीव झालेला पोत मात्र बराचसा उचलता येतो. 'वेगळा ऐकू येऊ नकोस' हे कौशल्य ज्यांनी आयुष्यभर कमावलं, त्यांनाच यंत्रानं पहिल्यांदा घरी बसवलं.

घरी बसताना हातात काय होतं? शिफ्टचे पैसे केव्हाच खर्च झालेले. गाणं आजही वाजतं, पण रांगेतल्या वादकाचं नाव श्रेयनामावलीत नसे. याचा कायद्याशी संबंध आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात वादक हा 'कलाकार' आहेच. २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकारांना रॉयल्टीचा हक्कही दिला. पण त्याच दुरुस्तीत एक अट आहे. चित्रपटातलं ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानं ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला, एक छोटा अपवाद सोडला तर, कलाकार धरायचं नाही. वीस व्हायोलिनांचं काम प्रासंगिक मानायचं का, हा वाद घालता येईल. पण नाव नसणं हा निव्वळ मानापमानाचा विषय नाही, तो पैशाचाही आहे, एवढं यातून दिसतं.

२००६ मध्ये एनसीपीएनं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. पगारी ऑर्केस्ट्रा मुंबईत अखेर आला. मात्र त्याच्या मैफिलींत परदेशांतून आलेले वादक पुष्कळ असतात. कारण उघड आहे. नोकरी एका वर्षात निर्माण करता येते, वादक तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात. गोव्यातल्या शाळांनी वादक दिले तेव्हा नोकरी नव्हती. नोकरी आली तोवर ती परंपरा क्षीण झाली होती.

आम्हाला वाटतं, या व्यवसायाचा धडा व्हायोलिनपुरता नाही. ज्याचं काम इतरांत मिसळून जाण्याचं आहे, त्याच्या नावाची नोंद काम चालू असतानाच झाली पाहिजे. काम संपल्यावर ती करायला साक्षीदारही उरत नाहीत.