मैदानाच्या कडेवरील आईबाप

रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कडेला घटकाभर उभे राहावे, म्हणजे एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. आत मुले खेळत असतात आणि बाहेर त्यांचे आईबाप तळमळत असतात. दहा वर्षांचा फलंदाज बाद होतो, तेव्हा तो पंचाकडे पाहात नाही, गुरूकडे पाहात नाही. तो भयभीत नजरेने बापाकडे पाहतो. ती नजर ज्याने एकदा पाहिली, त्यास आमच्या लेखाचे कारण निराळे सांगावयास नको.

‘खेळून का पोट भरते?’ असे म्हणून मागील पिढीतील वडीलधारी माणसे मुलास मैदानावरून ओढून नेत. आजचा बाप त्यास स्वतः मैदानावर आणून सोडतो, ही सुधारणाच होय. परंतु हिशेब मात्र जुनाच राहिला आहे. परीक्षेतील सवलतीचे गुण, नोकरीतील राखीव जागा किंवा आयपीएलचा करार ह्यांपैकी काही पदरात पडणार असेल तरच खेळ, एरवी दहावीच्या वर्षी तो बंद! आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही नम्रपणे विचारतो की, मुलाचे बालपण ही काय मुदतीने वटवावयाची हुंडी आहे?

ह्या लोभाचे टोक म्हणजे वयाचा खोटा दाखला. ही कीड एवढी वाढली की, क्रिकेट नियामक मंडळास मुलांच्या मनगटाच्या हाडांवरून वय तपासावे लागते, आणि २०२० साली त्याने लबाडी उघडकीस आल्यास दोन वर्षांची बंदी जाहीर केली. कायद्याने हा अपराध आहेच; पण ज्या मुलास पहिले असत्य बापाने शिकविले, त्याचे नुकसान कोणते न्यायालय भरून देणार?

ह्याच शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकर घडले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना त्यांनी सांगितले की, अकराव्या वर्षी वडिलांनी आपणास मोकळीक दिली. मात्र आडवाटेने जाऊ नकोस आणि सर्वांत आधी चांगला माणूस हो, एवढीच शिकवण दिली. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी. फलंदाजीचे शिक्षण त्यांनी रमाकांत आचरेकरांवर सोपविले. मातोश्रींनी तर मुलाचा खेळ मैदानात बसून प्रथम पाहिला तो त्या अखेरच्या सामन्यात!

कोणी म्हणेल, प्रत्येक मूल सचिन होत नाही. आमचे म्हणणे नेमके तेच आहे! शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक मुलांच्या हाती खेळातून पैसा लागणार नाही. निरोगी शरीर, जिवलग सोबती आणि हार पचविण्याची ताकद एवढीच मिळकत उरेल. ती आपण घरी परतताना वाटेतच, मुलास रागे भरून, उधळून टाकू नये.

तेव्हा आईबापांनी करावे ते थोडकेच आहे. मुलास वेळेवर जेवण व पुरेशी झोप द्यावी. शिकविणे गुरूवर आणि निर्णय पंचावर सोपवावा. मुलाइतकेच मुलीसही मैदान मोकळे ठेवावे. आणि संध्याकाळी ‘किती धावा केल्यास?’ ह्याच्या आधी ‘मजा आली का?’ असे विचारावे. आईबाप हे मुलाच्या खेळाचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत. आणि विश्वस्ताने ठेवीवर नफा काढावयाचा नसतो, हे आम्ही वकिलांनी सांगावयास पाहिजे असे नाही.